दुकानदाराची वही आणि कराचे भय

(उदगीर येथे भरलेल्या पद्मशाली समाजाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



महर्षी मार्कंडेयांना वंदन करून आम्ही आपणांसमोर उभे आहो. अशा संमेलनात विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरांचा परिचय, मंदिराचा जीर्णोद्धार ह्या विषयांवर भाषणे होतात आणि ती व्हावयासच हवीत. आज मात्र आम्ही जरा रुक्ष विषय घेतला आहे. तो म्हणजे आपल्या लहान दुकानदारांचा जमाखर्च आणि त्यांजवर पडणारे कर. विषय रुक्ष असला तरी आपल्या अनेक घरांचे सुखदुःख त्यात गुंतलेले आहे, म्हणून थोडा वेळ लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

आपण ह्या मुलखात तेलंगणातून आलो. भावना ऋषींनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले, अशी आपल्या कुळाची कथा आहे. आपले पूर्वजही खांद्यावर विणकामाचीच विद्या घेऊन आले. कोणी सोलापूरला गेले, कोणी पुढे भिवंडीला यंत्रमागांवर लागले, कोणी नांदेड, देगलूर, उदगीर ह्या बाजूस राहिले. पुढे गिरणीच्या आणि यंत्रमागाच्या कापडापुढे हातमाग टिकेना. तेव्हा कोणी कात्री धरली, कोणी शिलाईयंत्र घेतले, कोणी पाठीवर कापडाचा गठ्ठा टाकून आठवड्याचे बाजार केले, आणि काही वर्षांनी त्यातल्याच एखाद्याचे लहानसे दुकान झाले. आज ह्या मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरचा इतिहास ह्याहून फार निराळा नसावा.

आपण गाव बदलले, तसेच ज्या गावी आलो तेथील राज्य आणि कायदेही बदलत राहिले. उदगीर तेव्हा निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होते. कचेरीची भाषा उर्दू, व्यवहाराचे नाणे हाली, आणि मालावर करोडगिरी खात्याची जकात. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशोब आपल्या आजोबांना तोंडपाठ होता. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले. १ एप्रिल १९५० पासून भारताचा आयकर कायदा येथे लागू झाला आणि त्याच साली हैदराबादचा विक्रीकर कायदाही झाला. १९५६ साली उदगीर मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८२ साली लातूर जिल्हा झाला. २००५ साली मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. दुकानाची पायरी तीच राहिली. पण तिच्यावर बसलेल्या माणसाला दर पिढीत नवा कायदा आणि नवी भाषा शिकावी लागली. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, जुन्या दस्तऐवजात उर्दू, आणि आता संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी. ह्या चार भाषांच्या मध्ये आपल्या दुकानदाराचा हिशोब कोठे तरी हरवतो, असा आमचा अनुभव आहे.

तो अनुभव आमच्याच घरचा सांगतो. आमच्या तीर्थरूपांचे कापडाचे लहान दुकान होते. लाल कापडाच्या बांधणीची वही ते रोज रात्री लिहीत. घरात हिशोबाला 'लेक्का' म्हणत आणि वडील लेक्का लिहावयास बसले की घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. ती वही तेलुगू लिपीत असे. आम्ही भावंडे मराठी शाळेत शिकलो. तेलुगू बोलतो, पण वाचता येत नाही. वडील अचानक गेले. पंधरा दिवसांनी वही उघडली तेव्हा आकडे कळत होते आणि नावे कळत नव्हती. देगलूरहून एक वृद्ध आप्त आले, त्यांनी नावे वाचून दाखविली. परंतु 'मळ्यातला दादा', 'स्टेशनाकडची बाई' अशा नोंदींना तेही काय करणार? काही सज्जन गिऱ्हाइके आपण होऊन पैसे देऊन गेली. बाकीची उधारी बुडाली. उलट एका ठोक व्यापाऱ्याने अमुक रक्कम येणे आहे म्हणून सांगितले, तेव्हा ते खरे की खोटे हे आम्हाला वहीतून ताडता आले नाही. वडिलांच्या नावाला बट्टा नको म्हणून आईने आपल्या पाटल्या मोडून ते पैसे दिले.

वडिलांनी हिशोब ठेवला नव्हता असे नाही. त्यांनी तो चोख ठेवला होता. परंतु त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाला तो वाचता येत नव्हता. हिशोब लिहिणे ही अर्धी गोष्ट झाली. तो आपल्यामागे पत्नीला, मुलांना, बँकेला आणि वेळ पडल्यास सरकारी कचेरीला वाचता आला पाहिजे, ही उरलेली अर्धी गोष्ट होय. आजच्या भाषणात आम्हाला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे.

आता आजच्या काळातले एक उदाहरण घ्या. आमच्या परिचयाचे एक समाजबंधू आहेत, त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. तयार कपडे आणि शिलाई असा त्यांचा धंदा. कोणी तरी सांगितले म्हणून त्यांनी एका मध्यस्थाकडून वस्तू व सेवा कराची नोंदणी करून घेतली. अर्जात मोबाईल क्रमांक आणि ईमेल मध्यस्थाचाच. काही महिने पैसे दिले, पुढे मध्यस्थ गाव सोडून गेला. आमच्या बंधूंना वाटले, विक्री थोडी आहे, कर काही निघत नाही, मग भरावयाचे काय? परंतु नोंदणी एकदा घेतली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र द्यावेच लागते. शून्य विवरणपत्रास उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, एका विवरणपत्रास जास्तीत जास्त ५०० रुपये विलंबशुल्क पडते. आणि सलग सहा महिने मासिक विवरणपत्रे न दिल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. सूचना येत होत्या, पण त्या मध्यस्थाच्या फोनवर. हैदराबादच्या ठोक व्यापाऱ्याने एके दिवशी 'तुमचा क्रमांक रद्द दिसतो' म्हणून माल थांबविला, तेव्हा ह्यांना कळले. लग्नसराई तोंडावर, दुकान रिकामे, आणि हा गृहस्थ आठ दिवस लातूरच्या खेपा घालीत होता. शेवटी बी. कॉम. झालेल्या त्यांच्याच मुलीने सर्व कागद लावून प्रकरण मार्गी लावले. ती मुलगी घरातच होती. तिला दोन वर्षे आधी कोणी विचारले नव्हते, एवढेच.

ह्या उदाहरणातून ध्यानात येईल की आपल्या माणसाचे नुकसान बहुधा कराने होत नाही. ते कराच्या भयाने आणि अज्ञानाने होते. म्हणून कराविषयी चार गोष्टी सोप्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट, नोंदणी कोणाला लागते? महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर गेली म्हणजे नोंदणी लागते. सेवा देणाऱ्याला, म्हणजे गिऱ्हाइकाने आणलेले कापड शिवून देणाऱ्यालाही, ही मर्यादा २० लाख आहे. ज्याचा सर्व माल करमुक्त आहे, उदाहरणार्थ ताजी भाजी विकणारा, त्याला नोंदणी लागत नाही. परंतु आपण सीमेवर राहतो. औराद, भालकी, बीदर कर्नाटकात आणि निजामाबादची बाजू तेलंगणात. येथून माल पाठवून तिकडच्या व्यापाऱ्याला विकला, तर ती आंतरराज्य विक्री झाली, आणि काही हस्तकलेच्या वस्तूंसारखे अपवाद सोडले तर तेथे ४० लाखांची सवलत नाही. पहिल्या गठ्ठ्यापासून नोंदणी हवी. सोयरिकीच्या ओळखीने पलीकडे माल धाडणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुसरी गोष्ट, आपसमेळ योजना. उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला विक्रीवर सरसकट १ टक्का कर भरून मोकळे होता येते. दर तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत कर भरावयाचा आणि वर्षातून एक विवरणपत्र द्यावयाचे. मात्र हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. तिकडून खरेदी मात्र करता येते. ही योजना जुन्या नोंदणीदाराने आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मार्चअखेरपर्यंत निवडावयाची असते. एप्रिलमध्ये जागा झालेल्याला वर्षभर थांबावे लागते.

तिसरी गोष्ट, आयकर. येथे भय सर्वांत मोठे आणि कारण सर्वांत लहान आहे. समजा, एका कापड दुकानदाराची वर्षाची विक्री ४५ लाख आहे. त्यांपैकी ३० लाख बँकेतून व फोनवरून आले, १५ लाख रोख आले. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीत बँकेमार्गे आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरतात. म्हणजे १ लाख ८० हजार आणि १ लाख २० हजार, मिळून ३ लाख. प्रत्यक्ष नफा ह्याहून अधिक असेल तर अधिकच दाखवावयास हवा, हे उघड आहे. परंतु २०२५-२६ ह्या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही. मग हा दुकानदार भितो कशाला? विवरणपत्र भरले तर त्याचे काही जात नाही. उलट बँकेत कर्ज मागावयास गेल्यावर तोच कागद त्याच्या बाजूने बोलतो. एवढे मात्र पाहावे की वस्तू व सेवा कराच्या कागदात दाखविलेली विक्री आणि आयकराच्या कागदातली विक्री एकच असावी.

चौथी गोष्ट, रोखीचा व्यवहार. आपल्या समाजात हातउसने देण्याघेण्याची रीत जुनी आहे आणि तिने अनेक संसार सावरले आहेत. तथापि २० हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेणे कायद्याला मान्य नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. त्याचप्रमाणे एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख स्वीकारता येत नाही. मेव्हण्याने मदत केली तर ती अवश्य घ्यावी, परंतु बँकेमार्गे घ्यावी. त्यात नात्याचा अविश्वास नाही. पुढे दोघांच्या मुलांत वाद होऊ नये ह्याची ती तजवीज आहे.

फोनवरून पैसे घेण्याविषयी दोन शब्द. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयने आलेल्या रकमांवरून हजारो लहान दुकानदारांना कराच्या नोटिसा गेल्या. त्यांत भाजी विकणारेही होते. घाबरून काहींनी दुकानातले ते चौकोनी चित्र काढून टाकले आणि 'फक्त रोख' अशी पाटी लावली. पुढे सरकारने नोंदणी करून घेणाऱ्यांची जुनी थकबाकी वसूल करणार नाही असे सांगितले आणि वादळ शमले. पण ह्यातून शिकावयाचे काय? पाटी बदलून हिशोब बदलत नाही. त्याच खात्यात मुलीच्या लग्नासाठी भावाने पाठविलेले पैसे, भिशीचे पैसे, गावाकडच्या शेताचे पैसे येतात, आणि सर्व विक्रीच वाटते. ज्याच्याजवळ रोजमेळ आहे तो उत्तर देऊ शकतो की हे विक्रीचे आणि हे घरचे. ज्याच्याजवळ नाही तो काय सांगणार? म्हणून दुकानाचे खाते निराळे आणि घरचे निराळे, हा नियम आजपासून पाळावा.

कोणी म्हणेल, आपण बाहेरून आलेले, सरकारच्या डोळ्यांत न आलेले बरे. ही भावना आम्ही आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकली आहे आणि तिचा आम्ही उपहास करणार नाही. ज्यांनी राज्ये उलटताना पाहिली त्यांना ती सुचणे स्वाभाविक होते. परंतु शंभर शंभर वर्षे एका गावात राहून आपण अजून स्वतःस पाहुणे समजावे काय? कागदावर नसलेल्या दुकानदाराला बँक कर्ज देत नाही, तो सावकाराच्या दारी जातो. मुद्रा योजनेत ५० हजारांपासून पुढे टप्प्याटप्प्याने कर्ज मिळते; १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, आणि त्यात ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाखांचे कर्ज आहे. उद्यम नोंदणीला एक पैसा शुल्क नाही. ह्या सर्व दारांशी एकच प्रश्न विचारला जातो: तुमचा धंदा किती, आणि ते दाखविणारा कागद कोठे आहे? आपले जे नाते सरकारशी आहे ते कर चुकविणाऱ्याचे नको आणि भयाने अधिक भरणाऱ्याचेही नको. देणे असेल तेवढे द्यावे, आणि हक्काचे असेल ते मागावे.

आणखी एक गोष्ट. आपली मुले आता पुण्यास, हैदराबादेस जाऊन दुकाने थाटीत आहेत. पूर्वी आजोबा इकडे नवखे होते, आता नातू तिकडे नवखे आहेत. हैदराबादेत दुकान काढले तर तेलंगणाची नोंदणी वेगळी लागते. उदगीरच्या क्रमांकावर तेथे विक्री करता येत नाही. त्यांनाही कोणी तरी हे सांगावयास हवे.

ह्या सर्वांचा विचार करून आम्ही समाजापुढे एक सूचना ठेवतो. दरवर्षी फेब्रुवारीत, म्हणजे मार्चअखेर होण्यापूर्वी, समाजाच्या मंदिरात चार रविवारी दुकानदारांचा वर्ग भरवावा. पहिल्या रविवारी रोजमेळ व खतावणी: आजची विक्री, खरेदी, खर्च, उधारी आणि रात्रीची गल्ल्यातली शिल्लक लिहिणे. दुसऱ्या रविवारी घर व दुकान ह्यांचे पैसे वेगळे करणे, आणि गिऱ्हाइकाचे पूर्ण नाव, गाव व फोन लिहिणे. तिसऱ्या रविवारी कर: नोंदणी, आपसमेळ, पक्के बिल, विवरणपत्र. चौथ्या रविवारी बँक, कर्ज आणि वारसाचे नाव. वर्ग तेलुगूत आणि मराठीत चालावा. परंतु वही मराठीत लिहावी, म्हणजे नातवालाही ती वाचता येईल. कोणास तेलुगूतच लिहिणे जमत असेल तर त्याने तसेच लिहावे, मात्र आठवड्यातून एकदा मुलाला किंवा सुनेला जवळ बसवून ते मराठीत उतरवून घ्यावे.

वर्ग दरवर्षी का, असे विचाराल. नियम बदलतात म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के कर झाला. त्यापूर्वी हीच सीमा १,००० रुपयांची होती. १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ ह्या तारखेपासून लागू, असे संसदेने ठरविले. आज आम्ही सांगितलेल्या आकड्यांपैकी काही पुढील संमेलनापर्यंत जुने होतील. म्हणून हे भाषण जपून ठेवण्यापेक्षा वर्ग चालू ठेवणे अधिक उपयोगी आहे.

शिकविणारे कोठून आणावयाचे? ते ह्या मंडपातच आहेत. गेल्या काही वर्षांत आपल्या कितीतरी मुलामुलींनी वाणिज्य शाखेची पदवी घेतली आहे. संमेलनात त्यांचा सत्कार करून नारळ हाती देतो आणि तेवढ्यावर थांबतो. त्यांच्याकडे चार रविवार मागावेत. विशेषतः भगिनींना वर्गात आणावे. दुपारी दुकानावर त्याच बसतात, घरी शिलाईचे काम त्याच करतात, आणि संकटाच्या वेळी वही त्यांच्याच पुढे येऊन पडते. नोंदणीच्या कागदावर मोबाईल क्रमांक स्वतःचा आहे ना, आणि आपल्या पॅन क्रमांकावर भलत्याच कोणी नोंदणी घेतलेली नाही ना, हे शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. पहिल्या वर्गात प्रत्येकाने एवढे एक पाहिले तरी श्रमाचे सार्थक होईल.

मागावर बसलेला विणकर एक धागा तुटला तरी हात थांबवितो आणि तेथल्या तेथे गाठ मारतो. पुढे जाऊन मग बघू असे म्हणत नाही, कारण तसे केले तर सबंध पन्ना बिघडतो हे त्याला ठाऊक असते. ही शिस्त आपल्या रक्तातली आहे. माग गेला तरी ती वहीत उतरवावयास काय हरकत आहे?

आमच्या वडिलांची ती लाल वही अजून आमच्या घरी आहे. दिवाळीस नव्या वहीबरोबर तिचीही पूजा होते. गेल्या वर्षी आमच्या नातीने विचारले, "आजोबा, ह्यात काय लिहिले आहे?" तिला उत्तर देता आले नाही, ह्याची खंत आम्हाला आहे. आपणांपैकी कोणावर ती वेळ येऊ नये, एवढ्याच हेतूने हे चार शब्द बोललो. सूचना पसंत पडल्यास कार्यकारी मंडळाने ह्याच बैठकीत पहिल्या रविवारची तारीख ठरवावी, अशी विनंती आहे.